मराठीचा परदेशी उपासक : फादर थॉमस स्टीफन्स

(बी. ए. भाग २)

श्रावण लागला की आमच्या गावात मारुतीच्या देवळात पोथी लागते. दिवसभर सोयाबीनच्या शेतात निंदण करून आलेल्या बाया, गुरे बांधून आलेले गडी आणि म्हातारी माणसे संध्याकाळी हातपाय धुऊन देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात. कधी 'हरिविजय' असतो, कधी 'पांडवप्रताप'. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. सही करायची वेळ आली की ती अंगठा पुढे करते. परंतु कोणती कथा कोणत्या अध्यायात येते हे ती न चुकता सांगते, आणि वाचणाऱ्याने चुकून एखादे पान गाळले तर त्याला तिथेच थांबवते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तरीही आमच्या घरातले पहिले शिक्षण माझे झाले असे मला म्हणवत नाही. ते आजीचे झाले, आणि ते ओवीच्या शाळेत झाले.

गेल्या वर्षी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा तास चालू असताना 'क्रिस्तपुराण' हे नाव प्रथम कानावर पडले. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज ख्रिस्ती धर्मगुरूने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या, हे ऐकून वर्गात थोडी कुजबुज झाली. पुढे परीक्षेत त्यावर टीप लिहावी लागली आणि मी ती पाठ करून लिहिली. पण टीप लिहून झाल्यावरही एक प्रश्न मनातून जाईना. लॅटिन भाषेत धर्मशास्त्र शिकलेल्या या पंडिताला माझ्या आजीसारख्या श्रोत्यांची ओवी का घ्यावीशी वाटली असेल? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. घराणे रोमन कॅथलिक पंथाचे होते. तो काळ इंग्लंडमध्ये धर्मकलहाचा होता. राणी एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली आणि प्रॉटेस्टंट पंथ हाच राज्याचा पंथ ठरला. १५७० साली पोपने राणीला धर्मबहिष्कृत केले. तेव्हापासून तर प्रत्येक कॅथलिक माणसाकडे राजद्रोही म्हणूनच संशयाने पाहिले जाऊ लागले. कॅथलिक उपासना करणे हा गुन्हा ठरला. धर्मगुरू होण्याचे शिक्षण देशात घेता येण्यासारखे राहिले नाही. ज्यांना ते हवे होते, त्यांना समुद्र ओलांडून जावे लागे. अशा परागंदा इंग्रज तरुणांसाठी १५६८ साली युरोपात दुए या गावी विल्यम ॲलन यांनी एक विद्यालय काढले. तिथून शिकून इंग्लंडात परतणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला फासच आला. ऑक्सफर्डचा नामांकित विद्वान एडमंड कँपियन याला १५८१ साली फाशी देण्यात आले.

आपल्याला शिक्षणासाठी वाशीम, अकोला किंवा अमरावती गाठावी लागते. बसचे भाडे, खोलीचे भाडे, मेसचे पैसे एवढ्याने आपले आई-वडील बेजार होतात. स्टीफन्स यांच्या पिढीतील कॅथलिक तरुणांना विद्येसाठी मायदेशच सोडावा लागत होता आणि परतीची वाट तुरुंगावरून जात होती. थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत घराण्यातील गृहस्थ स्टीफन्स यांचा स्नेही होता. त्याच्याबरोबर त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते काही काळ हिंडत राहिले. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले. पण पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र निसटले, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोम येथे येशूसंघात दाखल झाले.

इथे येशूसंघाविषयी आणि त्या काळच्या धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापिलेल्या या संघाला १५४० साली पोपची मान्यता मिळाली. शिक्षण हे संघाचे मोठे बळ होते. रोममध्ये १५५१ साली संघाने 'रोमन कॉलेज' सुरू केले. पूर्वी धर्मगुरूंच्या शिक्षणाची सर्वत्र सारखी अशी व्यवस्था नव्हती. कुठे विद्यापीठात, कुठे मठात, तर कुठे एखाद्या वृद्ध पाद्रीच्या हाताखाली जुजबी शिकून माणसे धर्मगुरू होत. ही ढिलाई चर्चला जाचू लागली. ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ साली असा ठराव केला की, प्रत्येक धर्मप्रांतात भावी धर्मगुरूंसाठी स्वतंत्र निवासी विद्यालय असावे. त्यालाच सेमिनरी म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे. आपल्याकडे मिरचीचे किंवा वांग्याचे रोप आधी वाफ्यात वाढवून मग शेतात लावतात, तशीच ती कल्पना आहे.

येशूसंघाचे शिक्षण दीर्घ असे. आधी दोन वर्षे उमेदवारीची, मग लॅटिन व अलंकारशास्त्र, मग तत्त्वज्ञान आणि शेवटी धर्मशास्त्र असा त्याचा क्रम होता. सगळे अध्यापन लॅटिनमधून होत असे. स्टीफन्स रोमन कॉलेजात शिकले तेव्हा तिथे क्लावियस हे गणिती अध्यापन करीत होते. आज आपल्या भिंतीवर जे इंग्रजी कॅलेंडर लटकते, त्याच्या १५८२ सालच्या सुधारणेत याच क्लावियस यांचा मोठा वाटा होता. अशा विद्येच्या माहेरघरात राहून स्टीफन्स पुढे युरोपातच एखाद्या विद्यापीठात आचार्य झाले असते, तर नवल वाटले नसते. पण त्यांनी हिंदुस्थानात पाठविण्याची विनंती केली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनच्या बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ ते पाण्यावर होते. गोव्यात उतरल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. वादळे, उडते मासे, पक्षी, खलाशांना होणारा हिरड्यांचा रोग आणि भरसमुद्रात आपण नेमके कुठे आहोत हे ठरविण्याची अडचण असे सारे त्यात आहे. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेच नाव घेतात. हे पत्र पुढे हॅक्लुइट याने आपल्या प्रवाससंग्रहात छापले. इंग्रज व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० साली. म्हणजे कंपनीच्या वीस वर्षे आधी आलेला हा इंग्रज होता, आणि तो तराजू घेऊन आलेला नव्हता.

गोव्यात त्या वेळी पोर्तुगीजांची राजवट होती. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेज हे धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र होते. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली तिथेच सुरू झाला. आणि त्यावर पहिल्यांदा जे छापले गेले, ते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वादविवादात मांडायचे सिद्धांत होते! म्हणजे आपल्या देशात पहिल्यांदा छापले गेलेले कागद एका परीने परीक्षेचेच कागद होते, हे वाचून मला गंमत वाटली. स्टीफन्स यांनी धर्मशास्त्राचा राहिलेला अभ्यास गोव्यात पुरा केला. १५८० साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी याच भागात काढली. पोर्तुगीज लोक त्यांना पाद्री इश्तेव्हांव म्हणत.

ही साष्टी म्हणजे गोव्याचा दक्षिण भाग. तो १५४३ साली आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे आला होता. इथला इतिहास लिहिताना हात अडखळतो, पण तो टाळून स्टीफन्स यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन बसले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. लोकांच्या पोथ्या काढून घेऊन नष्ट करण्यात आल्या. पुराणिकांना आणि भटजींना हद्दपार करण्यात आले. काही लोक देव घेऊन खाडीपलीकडे गेले. काही राहिले आणि ख्रिस्ती झाले. त्यांतले किती मनापासून झाले आणि किती धाकाने, हे आज कोण सांगणार! याच धुमसत्या वातावरणात २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेले रुदोल्फ आक्वाविवा हेही होते. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारले. मारल्या गेलेल्या पाचही धर्मबांधवांचे देह परत मिळवून त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्स यांनी केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आपलीच माणसे अशी मारली गेल्यावर एखाद्याने त्या गावांकडे पाठ फिरवली असती. स्टीफन्स तिथेच राहिले आणि तिथली बोली शिकत राहिले. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या रिचर्ड या आपल्या भावाला पत्र लिहिले. या देशातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास जाहीरपणे मांडले ते १७८६ साली. त्यापूर्वी दोनशे वर्षे साष्टीच्या खेड्यात बसलेल्या एका पाद्रीला ती खूण पटली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापाऱ्यांना हेर समजून गोव्यात कैदेत टाकण्यात आले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांच्या सुटकेला साह्य केले. ज्या इंग्लंडने त्यांना परागंदा व्हायला लावले, त्याच इंग्लंडची ही माणसे होती. तरीही त्यांनी आपपर केले नाही. पुढे फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यालाही असाच त्यांचा आधार मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'क्रिस्तपुराण' कसे जन्मले याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच कथारूपाने आली आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मप्रश्नोत्तरे शिकवीत असतात. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येतो आणि आपले मागणे मांडतो. मुलांना शिकवता ते उत्तमच आहे, पण आमच्यासारख्या मोठ्यांनी वेळ कसा घालवावा, जुन्या पुराणांच्या जागी दुसरे काही आम्हाला ऐकायला मिळाले तर बरे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. त्या माणसाची पोथी गेली होती. श्रावणातली संध्याकाळ तशीच येत होती, ओटा तसाच होता, पण ओट्यावर ऐकायला काही उरले नव्हते. नव्या धर्माची प्रार्थना लॅटिनमध्ये होती आणि त्याला लॅटिन कळत नव्हते. युरोपातसुद्धा त्या काळी सामान्य कॅथलिक माणसाने आपल्या बोलीत बायबल वाचावे हे चर्चला फारसे रुचत नसे. १५६४ सालच्या नियमाने त्यासाठी खास परवानगी लागे. धर्मशास्त्र ही धर्मगुरूंची विद्या होती. संसारी माणसाने चार प्रार्थना पाठ कराव्यात आणि सांगितले ते मानावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. अशा वेळी एका श्रोत्याची भूक स्टीफन्स यांना समजली. तोंडपाठ प्रश्नोत्तरांनी ती भागणार नाही, हेही त्यांना उमगले.

त्यांनी मग पुराण रचायला घेतले, आणि तेही ओवीत. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. ती वाचताही येते आणि गाताही येते. न वाचता येणाऱ्याच्याही ती स्मरणात राहते. स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. म्हणजे ओवीचा तो भर बहराचा काळ होता. स्टीफन्स यांनी मराठी ग्रंथांचा बारकाईने अभ्यास केला असला पाहिजे, हे त्यांच्या रचनेवरून सहज ध्यानात येते. लोकांना कळावे म्हणून त्यांनी अवघड मराठी शब्द टाळून साष्टीतल्या बोलीतले सोपे शब्द त्यांत मिसळले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते. त्यात ३६ अध्याय आहेत, आणि त्यांना 'अवस्वर' असे नाव दिले आहे. 'दुसरे पुराण' येशू ख्रिस्ताचे चरित्र सांगते, त्यात ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्या १०,९६२ आहेत. स्वर्गाला इथे वैकुंठ म्हटले आहे आणि देवाला परमेश्वर. श्रोते शंका विचारतात आणि पाद्री तिचे निरसन करतात. म्हणजे सेमिनरीच्या वर्गात विद्यार्थ्यांना लॅटिनमधून जे शिकवले जाई, तेच इथे शेतकऱ्याला आणि गृहिणीला मराठीतून मिळू लागले. आरंभी मराठी भाषेचा जो गौरव आला आहे, त्यात फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा देऊन मराठीला सर्व भाषांत मान दिला आहे. परकीयाने केलेली अशी स्तुती वाचताना मराठी माणसाची मान आपोआप ताठ होते.

हा ग्रंथ १६१६ साली छापून निघाला. स्टीफन्स यांच्या मायदेशात राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले इंग्रजी बायबल प्रसिद्ध झाले होते १६११ साली. अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने साष्टीच्या ख्रिस्ती लोकांना बायबलची कथा आपल्या भाषेत ऐकायला मिळाली. पण स्टीफन्स यांच्या मनात एक सल राहून गेला असावा. या देशाच्या भाषेतील ग्रंथ याच देशाच्या लिपीत छापावे, अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना तसे पत्रही लिहिले. युरोपच्या लिपीला दोन डझन खिळे पुरतात, तर इथल्या जोडाक्षरांसाठी सुमारे सहाशे खिळे पाडावे लागतात, ही अडचण त्यांनी त्यात मांडली होती. ती इच्छा पुरी झाली नाही. मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

साष्टीच्या कॉलेजचे रेक्टर म्हणूनही स्टीफन्स यांनी काम पाहिले. १६०६ साली राशोल येथे येशूसंघाच्या नव्या कॉलेजची पायाभरणी झाली. 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते तिथेच. स्टीफन्स यांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर राशोललाच छापली गेली. एक, १६२२ साली निघालेली कोंकणीतील धर्मप्रश्नोत्तरी, आणि दुसरे, १६४० साली निघालेले कोंकणी भाषेचे व्याकरण. कोंकणीचे हे पहिले छापील व्याकरण होय. नवीन येणाऱ्या धर्मगुरूंनी लोकांची भाषा शिकूनच लोकांपुढे जावे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. श्रोत्यांसाठी पुराण, मुलांसाठी प्रश्नोत्तरी आणि पाद्री लोकांसाठी व्याकरण, असा त्यांनी जणू तिन्ही इयत्तांचा अभ्यासक्रमच करून ठेवला. १६१९ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत.

स्टीफन्स यांचा गौरव करताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या सत्तेने साष्टीच्या लोकांची पोथी हिसकावून घेतली, त्याच सत्तेच्या आश्रयाने त्यांनी नवी पोथी दिली. रिकामा झालेला ओटा त्यांनी भरला हे खरे, पण तो रिकामा कोणी केला, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या ग्रंथात हिंदूंच्या देवदेवतांवर टीका आहे, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. शिवाय, येशूसंघ भारतीयांना शिकवत होता, त्यांना धर्मगुरूही करत होता, परंतु स्वतःच्या संघात मात्र त्यांना जवळजवळ प्रवेश देत नव्हता. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो या गोमंतकीय तरुणाला गोव्यात डावलले गेले म्हणून थेट रोम गाठावे लागले आणि तिथे शिकून तो १६३७ साली बिशप झाला. विद्येचे दार उघडणारेच कधी कधी उंबरठ्यावर आडवे उभे राहतात. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही.

तरीसुद्धा मला असे वाटते की, स्टीफन्स यांच्या सत्तेपेक्षा त्यांची ओवी मोठी ठरली. याची साक्ष पुढचा इतिहास देतो. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली आणि लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे असे बजावले. ज्या राज्यात पाद्रीने मराठी पुराण लिहिले, त्याच राज्यात ती भाषाच गुन्हेगार ठरली. पण लोकांनी ओव्या सोडल्या नाहीत. हाताने नकला करून त्यांनी त्या जपल्या. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर या नकला नेल्या आणि पिढ्यान्पिढ्या त्या वाचल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखितही सापडले. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली आणि स्टीफन्स यांची लिपीविषयीची इच्छा साडेतीनशे वर्षांनी का होईना, पुरी झाली. छापखाना विसरला, राज्य उलटले, पण श्रोत्यांनी ग्रंथ राखला.

धर्मशिक्षणाच्या क्षेत्रातही त्यांची वाट पुढे हमरस्ता झाली. १७५९ साली पोर्तुगालने येशूसंघाला आपल्या मुलखातून हाकलले. राशोलच्या इमारतीत त्यानंतर धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली, ती आजही चालू आहे. लंकेतील कँडी येथे १८९३ साली सुरू झालेली पोपची सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली. आज पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात धर्मगुरू होणाऱ्यांबरोबर धर्मभगिनी आणि संसारी स्त्री-पुरुषही धर्मशास्त्राचा अभ्यास करतात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक उपासना लोकभाषेत करण्यास मुभा दिली. साष्टीच्या त्या श्रोत्याने जे मागितले होते, ते सगळ्या जगाच्या चर्चला मान्य व्हायला एवढा काळ लागला.

आपल्या वऱ्हाडाला मात्र ही मागणी परकी नाही. चक्रधर स्वामींनी आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. ऋद्धपूरला म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' मराठीत सिद्ध केले. केशोबासांना संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण संस्कृत झाले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. ही आठवण महानुभावांनी जपून ठेवली आहे. आमच्याच जिल्ह्यातील कारंजा येथे जैन भट्टारकांची पीठे होती. हस्तलिखित ग्रंथांचे मोठे भांडार तिथे जतन झाले आहे आणि जैन कवींनीही मराठी ओवीत पुराणे रचलेली आहेत. महानुभाव, जैन, वारकरी आणि ख्रिस्ती यांचे देव वेगळे, शास्त्रे वेगळी. पण आपली विद्या शेवटच्या माणसापर्यंत न्यायची वेळ आली तेव्हा सगळे याच भाषेच्या ओट्यावर येऊन बसले.

यंदाच्या श्रावणात मी कॉलेजच्या ग्रंथालयातून 'क्रिस्तपुराण' घरी नेले होते. जलप्रलयाच्या भागातल्या काही ओव्या आजीला वाचून दाखवल्या. कुठे कुठे शब्द अडला, मलाही कळला नाही. आजीने हे पुराण कोणाचे आहे असे विचारले नाही. तिने एवढेच विचारले की, त्या नावेत बैलजोडीपण घेतली होती ना? घेतली होती असे सांगताच तिचे समाधान झाले आणि तिने मला पुढे वाचायला सांगितले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. रोमन कॉलेजात घेतलेली विद्या स्टीफन्स यांनी लॅटिनमध्येच ठेवली असती, तर ती आमच्या घरापर्यंत पोचलीच नसती. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर होऊ घातलेले विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांशी झटापट करतो, टिपा पाठ करतो, गुण मिळवतो. हे सारे केल्यावर त्यातले घरी काय नेतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. चारशे वर्षांपूर्वी दूरदेशीच्या एका धर्मगुरूने त्याचे उत्तर आपल्या चाळीस वर्षांच्या श्रमाने दिले. त्याच्या धर्माशी आपले नाते असो वा नसो, त्या श्रमाला मराठीचा विद्यार्थी या नात्याने माझा नम्र प्रणाम!